नावाचं कडवं

रुक्माबाईला चिमूटभर कापूस हवा होता, आणि तोही चोरून. भर वेचणीच्या दिवसांत भडगावात कापूस चोरायचा ही हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट. मागितला असता तर कुणीही ओंजळभर दिला असता. पण मागायचा म्हटलं की कशाला ते सांगावं लागतं. म्हणून शेजारच्या बेबाबाईच्या ओट्यावरच्या ढिगातून तिनं जाता जाता थोडा उचलला, सरक्या काढून टाकल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. बेबाबाईनं ते पाहिलंच. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.

"काय वं रुक्मा, वाती करस का? तुम्हना घर तं मेणबत्ती राहस ना!"

"कान ठनकस," रुक्माबाई म्हणाली आणि घरात गेली.

कान काही ठणकत नव्हता. तिला कानाची भीती वाटत होती. उद्या धुळ्याला, देवपुरातल्या सभागृहात, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज लोकांना ऐकवणार होते. तो आवाज आपल्या कानात शिरू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

नवरा म्हणजे सुपडू शाहीर. खानदेशात हे नाव सांगितल्यावर पुढं काही सांगावं लागत नाही. भाकरीवर, विहिरीच्या पाण्यावर, शाळेत निघालेल्या पोरींवर त्यांनी गाणी केली, आणि जयंती असो की लग्न, ती गाणी झाल्याशिवाय मांडव उठत नाही. माणूस जाऊन वर्षं लोटली, गाणी मात्र जायला तयार नाहीत. जो तो ती आपल्या गळ्यानं गातो. शाहिरांच्या स्वतःच्या गळ्याची मात्र एक ओळसुद्धा कुठं भरून ठेवलेली नाही. जळगावच्या एका कॅसेटवाल्यानं बोलावलं होतं, तेव्हा हे म्हणाले, "लोकांच्या तोंडात आहेत तेवढी पुरे." ऐकायला फार छान वाटतं हो! मागं राहिलेल्या बाईनं त्या छान वाक्याचं काय करायचं, ते काही सांगून गेले नाहीत.

आता रुक्माबाई दुसऱ्यांच्या गळ्यावर जळणारी बाई नव्हे. उलट तिच्या आवडीनिवडी ठरलेल्या होत्या, आणि त्या ती तोंडावर सांगे. रुपचंद कव्वाल विहिरीचं गाणं टाळ्यांवर घेतो, तर पाणी खरंच उसळल्यासारखं वाटतं. ते तिला आवडे. धुळ्याच्या चारुलताबाई संगीत शिकवतात. त्या भाकरीचं गाणं पेटीवर इतकं लांबवतात की तेवढ्यात भाकरी करपून कोळसा व्हावी. पण बाईंचा गळा गोड, म्हणून रुक्माबाई त्यांना माफ करी. डीजेवाल्यांनी शाळेच्या गाण्याचं जे केलं त्यात शब्द कुठं आणि सूर कुठं देव जाणे, पण पोरी त्यावर नाचतात, आणि नाचणाऱ्या पोरी तिला बघायला आवडत. सगळ्यांत जीव कशावर असेल तर एरंडोलच्या बँडवर. तिथला म्हातारा सुकदेव क्लॅरोनेटवर गाणं वाजवायचा. त्यात शब्द नाहीत, गळा नाही, त्यामुळं ऐकताना ह्यांचा आवाज आपल्या जागी शाबूत राहायचा. ही शेवटची गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती.

कारण भीती इथंच होती, आणि ती सुरू झाली फोटोपासून.

शाहीर गेले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. ओळखपत्रावरच्या बोटभर चित्रावरून एका स्टुडिओवाल्यानं मोठा फोटो करून दिला. त्याला वाटलं, एवढा नामांकित माणूस, साधा कसा दाखवायचा? त्यानं निळा कोट चढवला, टाय बांधला, गाल गुळगुळीत केले. ज्या माणसानं जन्मात पैरण आणि मफलरशिवाय काही घातलं नाही तो भिंतीवर साहेब होऊन बसला. रुक्माबाई तेव्हा हसली होती. पुढं पुढं मात्र डोळे मिटले की ते कोटातच येऊ लागले. मफलरीतले ये म्हटलं तरी येईनात. ओठाजवळ त्यांना एक व्रण होता, लहानपणी बैलाच्या शिंगानं झालेला. तो उजवीकडं होता की डावीकडं, हे एके दिवशी तिला आठवेना. फोटोत व्रणच नव्हता. ज्या तोंडासमोर अख्खा संसार केला त्याची बाजू आठवेना! असं भय तिला सरणाजवळही वाटलं नव्हतं.

मग आवाजाची पाळी आली. भाकरीचं गाणं हल्ली स्वप्नील नावाचा एक मुलगा गिटारवर गातो. गातो छानच, फोनवर सारखं वाजत असतं. एक दिवस पीठ मळताना रुक्माबाई तेच गुणगुणू लागली आणि हात थांबले. तिच्या डोक्यात गाणं चालू होतं, पण ते स्वप्नीलच्या आवाजात. तिनं ह्यांचा आवाज शोधला. आला नाही. विहिरीचं आठवून पाहिलं, तिथं रुपचंद टाळ्या वाजवत बसलेला. शाळेच्या गाण्यात डीजे. एकेका गाण्यातून नवरा उठून गेला होता आणि त्याच्या जागेवर भलतंच माणूस बसलं होतं.

एकच गाणं उरलं होतं. पल्याडचं.

'नदीना पल्याड दिवा शे, अल्याड मन्ही वाट,
पानी म्हनस थांब गड्या, मी म्हनस सोड काठ.'

ते त्यांनी शेवटच्या वर्षांत केलं, फार ठिकाणी गायले नाहीत, म्हणून कुणी उचललं नाही. त्या गाण्यात ते अजून राहत होते. 'पल्याड'वर किंचित खरखरणारा गळा, ओळीच्या शेवटी डफावर दोन बोटं, सगळं जसंच्या तसं. रुक्माबाई ते रोज आठवत नसे. वापरून झिजेल, असं तिला वाटे.

आणि त्या गाण्याचं शेवटचं कडवं तिचं स्वतःचं होतं. शाहिराच्या गाण्यात शेवटी नाव येतं, हा रिवाजच आहे. गाणं कुणाचं ते कळायला नको का? पण ह्यांना स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायचा मोठा संकोच. नावाचं कडवं आलं की ते थांबत, डफ छातीशी धरत आणि मागं झांज घेऊन उभ्या असलेल्या रुक्माकडं बघत. मग ती ते कडवं उचले:

'सुपडू म्हने डोळा पुसा, दिवा विझना नही,
हात द्या रे हातमा, कोनी बुडना नही.'

नवऱ्याचं नाव! पहिल्यांदा तिनं ते मांडवात घेतलं तेव्हा बाया पदरात तोंड घालून हसल्या होत्या, आणि सासू ताईबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. घरात 'अहो', नाहीतर 'प्रज्ञाचे बाबा'. नाव फक्त त्या कडव्यात, हजार माणसांसमोर, आणि ते घेताना हे जमिनीकडं बघून हसत. ते गेल्यापासून तिनं ते कडवं म्हटलं नव्हतं. समोर थांबणारं कुणी नसताना नाव घ्यायचं कुणासाठी?

प्रज्ञा म्हणजे तिची लेक. देवपुरातल्या शाळेत शिक्षिका, तिथंच राहते. तिनं आणि रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्या राकेशनं मिळून हा कार्यक्रम ठरवला. लोकांनी फोनवरून मतं द्यायची, शाहिरांच्या गाण्यांचे सगळ्यांत आवडते पाच अवतार निवडायचे, त्या त्या कलावंतांनी ते मंचावर गायचे. इथपर्यंत झकास. पण शेवटी म्हणे सरप्राइज. पुतण्या प्रशीलचा गळा घराण्यातला, थोडाफार काकासारखा. त्याच्याकडून पल्याडचं गाणं गाऊन घेतलं आणि कॉम्प्युटरवर ते घडवत घडवत शाहिरांचा आवाज तयार केला. शब्द प्रज्ञानं लहानपणी ऐकलेले आठवून दिले. आवाज जुळवायलाही तीच रोज शाळा सुटल्यावर स्टुडिओत जाऊन बसली. इथं जरा जाड करा, इथं खरखर वाढवा, बाबा असंच म्हणायचे.

मधे एकदा तिनं आईलाही विचारलं होतं, "माय, शेवटचं कडवं तू म्हणशील का? येऊन फक्त दोन ओळी." काय चाललंय ते तेव्हा नीटसं कळलंही नव्हतं, रुक्माबाई सरळ नाही म्हणाली होती. सगळं उलगडलं ते गेल्या आठवड्यात, आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागेना.

"माले नही ऐकानं," ती फोनवर म्हणाली होती. "तो फोटो देख. त्यानी तुन्हा बापनं तोंड खाई टाकं. आते हाई यंत्र आवाज खाई जाई."

मग प्रज्ञा म्हणाली, "माय, बाबा गेले तेव्हा मी केवढीशी होते. तुझ्याकडं आठवण तरी आहे. मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते ऐकू आले गं." आणि ती रडायला लागली.

आता ह्यावर कोणती आई काय बोलणार? "येस मी कार्यक्रमले," रुक्माबाई म्हणाली. आणि मग तिला कापूस सुचला.

सकाळी गाडी आली. पारोळ्यावरून धुळ्याला जाईपर्यंत रुक्माबाईनं खिडकीबाहेर पाहिलंही नाही. पांझरेचा पूल ओलांडताना तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्याआड गाठ सोडून कापसाचे दोन बोळे कानांत दाबून बसवले. सभागृहाच्या दारात राकेश हात जोडून काहीतरी म्हणाला. ती "बरं शे, बरं शे" म्हणाली. तो गोंधळला. त्यानं बहुधा चहा घेणार का असं विचारलं असावं.

पहिल्या रांगेत, मधोमध, तिला बसवलं. रुपचंद आला, टाळ्या दिसल्या, थोड्या ऐकूही आल्या. चारुलताबाई आल्या. स्वप्नीलनं पाया पडून गिटार घेतली. सुकदेव आता दमेकरी झाला होता, तरी दोन ओळी वाजवून गेला. लोक खूश होते. रुक्माबाई प्रत्येकाला मान डोलवत होती. एक जण उतरला की शेवट जवळ आला, एवढंच तिला कळत होतं. पाण्याला भिणारा माणूस पायऱ्या उतरताना जसा एकेका पायरीला थबकतो, तसं तिचं चाललं होतं.

मग दिवे मंद झाले. पडद्यावर तोच निळा कोट आला. प्रज्ञानं शेजारून तिचा हात हातात घेतला, घट्ट.

आवाज सुरू झाला.

कापूस काही कामाचा नव्हता. उंच उंच खोक्यांतून येणारा आवाज आधी छातीत शिरत होता. आणि कापसानं भलतंच केलं. यंत्राची जी काही चकाकी असेल ती सगळी त्यानं गाळून टाकली, आणि आत येत होता तो गल्लीच्या टोकावरून घराकडं येणाऱ्या नवऱ्याचा आवाज. कार्यक्रम करून पहाटे ते असेच यायचे, गुणगुणत, आणि ती आतून कडी काढायची. मेलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि तिच्या मनात पहिला विचार कडी काढण्याचा आला. तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिनं दोन्ही बोळे उपटून काढले. कुठंतरी फरक सापडेलच, तेवढ्याला धरून राहू, असं तिला वाटत होतं. ती कान देऊन ऐकू लागली. 'पल्याड'वर खरखर? होती. ओळीच्या शेवटी डफावर दोन बोटं? तीही होती, पोरीनं ती लक्षात ठेवली होती. जरा जास्त स्वच्छ वाटतंय का? पण ते तरी असे स्वच्छ गात नव्हते हे कशावरून? ती आपल्या आठवणीशी ताडून पाहायला गेली, तर आठवणीतलं गाणं आणि समोरचं गाणं एकाच वेळी चालू झालं, एकात एक मिसळलं, आणि त्यातलं आपलं कुठलं ते तिला वेगळं काढता येईना. भिंतीला धरायला हात न्यावा आणि भिंतच नसावी, असं झालं.

एकच आशा उरली. शेवटचं कडवं. तिथं ते थांबतील. तिथं काही नाही, कारण ती गायलीच नाही. ती मोकळी जागा आली की हे संपेल, आणि ती जागा तरी आपली राहील.

दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. डफ थांबला. रुक्माबाईनं नकळत श्वास घेतला, पूर्वी घ्यायची तसाच.

'सुपडू म्हने...' आवाज म्हणाला.

तो थांबला नाही. संकोचला नाही. आपलं नाव आपल्याच तोंडानं, एखाद्या पुढाऱ्यानं घ्यावं तसं ठणठणीत घेऊन, 'डोळा पुसा' म्हणत तो पुढं गेला. सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. माणसं उभी राहिली. प्रज्ञा हुंदके देत आईच्या खांद्यावर कोसळली. रुक्माबाईचा घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला.

पण त्याच क्षणी तिला हायसंही वाटलं. सापडला की फरक! हे ते नव्हेत. ते मेले तरी असं करणार नाहीत. तिनं लेकीच्या पाठीवर हात फिरवला. राकेशच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांनी विचारलं, अक्का, कसं वाटलं? ती म्हणाली, "पोरीनी कष्ट कयात." ते खरंच होतं.

दुपारी जेवणं उरकून प्रज्ञा तिला सोडायला गाडीत बसली.

"माय, नाराज नाहीस ना? ते शेवटचं... तू नाही म्हणालीस, मग रिकामं कसं सोडायचं? राकेश म्हणाला, गाणं अर्धवट वाटेल."

"नही वं बाई. काही नही."

पांझरेच्या पुलावर गाडी जरा अडकली. खाली पाणी थोडकंच होतं. रुक्माबाईनं डोळे मिटले. आता भीती नको, एकदा खात्री करून घेऊ, असं तिनं ठरवलं, आणि इतके दिवस जपून ठेवलेलं ते गाणं तिनं मनात सुरू केलं. ते आले. पल्याड दिवा शे. खरखर होती. कोट दिसला, पण कोटाला तिची आता हरकत नव्हती. दुसरं कडवं, तिसरं कडवं. डफ थांबला. आता ते मागं वळून बघतील.

त्यांनी बघितलं नाही. 'सुपडू म्हने,' ते म्हणाले, आणि पुढं गेले.

तिनं डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ते थेट नावावर आले, स्वतःच, ठणठणीत, आणि मागं कुणी झांज घेऊन उभं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. फोटोनं तोंड नेलं होतं. ह्या आवाजानं तिला स्वतःलाच त्या मंचावरून उतरवलं होतं. जिच्यासाठी ते थांबत ती बाई तिथं नव्हतीच.

रुक्माबाईनं पुढच्या सीटची कड धरली आणि तोंड उघडलं. आवाज आधी निघालाच नाही. कितीतरी वर्षांचा गंज होता. मग निघाला, चिरका, थरथरता.

"सुपडू म्हने डोळा पुसा, दिवा विझना नही..."

प्रज्ञा चमकून वळली. आईच्या तोंडून बाबांचं नाव तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आज माय खुलली, कार्यक्रमाचं चीज झालं. ती हलक्या हातानं आईला थोपटत राहिली.

"सुपडू म्हने डोळा पुसा..."

पारोळा मागं पडला. पांढरी झालेली कापसाची शेतं मागं पडली. रुक्माबाई त्याच दोन ओळी म्हणत होती, संपल्या की लगेच पुन्हा, मधे श्वासालाही पुरती उसंत न देता. प्रज्ञा एकदा म्हणाली, "माय, जरा पाणी पी, घसा बसेल." रुक्माबाईनं मान हलवून नको म्हटलं आणि म्हणत राहिली. ती गप्प झाली की ते सुरू होत, आणि आता ते तिच्यासाठी थांबत नव्हते.